आधी ओळख, मग निवाडा

खाऱ्या पाण्याची टाकी ठेवणाऱ्या मंडळींची एक सवय मला अजिबात पटत नाही. आपण न आणलेला एखादा जीव टाकीत फिरताना दिसला की त्यांचा पहिला प्रश्न असतो, "याला मारायचं कसं?" "हा आहे कोण?" हा प्रश्न नंतर येतो, आणि पुष्कळदा येतच नाही. हा क्रम उलटा असायला हवा, असं माझं स्पष्ट मत आहे. आधी ओळख पटवावी. मग ठेवायचं, हलवायचं की मारायचं ते ठरवावं. ऐकायला ही गोष्ट साधी वाटते. पण गेलं दीड वर्ष मी अशा एका टाकीची देखभाल करते आहे आणि एवढ्याशा गोष्टीसाठी मला घरातल्या मोठ्यांशी बरीच हुज्जत घालावी लागली आहे. म्हणून हा लेखप्रपंच.

आपल्या मंडळाच्या बऱ्याच वाचकांनी अशी टाकी जवळून पाहिली नसेल, म्हणून थोडं सांगते. बरणीत गप्पी मासे पाळणं वेगळं आणि हे वेगळं. इथे शुद्ध केलेल्या पाण्यात खास मीठ मिसळून समुद्राचं पाणी तयार करावं लागतं, लिटरला साधारण ३५ ग्रॅम क्षार. तापमान २५-२६ अंशांच्या आसपास राखायचं. तळाला वाळू आणि मधोमध सच्छिद्र खडक. हा खडक शोभेसाठी ठेवलाय असं बघणाऱ्याला वाटतं, पण टाकीचा सगळा कारभार त्याच्यावर चालतो. त्याच्या छिद्रांत जिवाणू राहतात. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून विषारी अमोनिया तयार होतो. हे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. आपल्या शरीरात मूत्रपिंड जे काम करतं, जवळजवळ तेच.

माझ्या मामाचा म्हापशात दवाखाना आहे. तिथे रुग्ण बसतात त्या खोलीत अशी दोनशे लिटरची टाकी आहे. दोन क्लाउन मासे, काही शंखगोगलगाई, थोडे नरम प्रवाळ आणि रंगीत बटणांच्या गुच्छासारखे दिसणारे झोअँथिड. टाकी मामाची, कष्ट माझे. प्राणीशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला असल्यामुळे "तुला यातलं कळतं" असं म्हणून हे काम माझ्याकडे आलं, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडतंही.

आता मुद्द्याचं. खडक किंवा प्रवाळाचा गुच्छ विकत आणला की तो एकटा येत नाही. त्याच्या भेगांत, बुडाशी, शेवाळात लपून इतर कितीतरी जीव येतात. कुणी अंडी म्हणून येतो, कुणी केसाएवढा किडा म्हणून, कुणी खेकड्याचं पिल्लू म्हणून. बिल त्यांचं नसतं, पिशवीवर नाव नसतं. आपल्या कदंबा बसच्या भाषेत बोलायचं तर बिनतिकिटाचे प्रवासी. महिना-दोन महिने ते दिसतही नाहीत. मग एका रात्री पाणी प्यायला उठावं, सहज टॉर्च मारावा, आणि खडकातून पायांची झालर असलेला कुणीतरी वीतभर लांब बाहेर आलेला दिसावा. माणूस दचकतो, यात नवल काही नाही. दचकण्याला माझी हरकत नाही. दचकल्या दचकल्या चिमटा हातात घेण्याला आहे.

या घाईचं एक मूळ मला आपल्या भाषेच्या वापरात दिसतं, म्हणून या अंकात हा विषय काढायचं धाडस करते. आपण या सगळ्यांना एकच शब्द वापरतो: किडा. झुरळ किडा, अळी किडा, डाळीतला तोही किडा, आणि समुद्रातला बहुकेशी वलयी प्राणीसुद्धा किडाच. एकदा 'किडा' म्हटलं की पुढचं वाक्य आपोआप 'मार त्याला' असंच होतं. उलट आपल्या मासळी बाजारात जाऊन बघा. तिसऱ्या वेगळ्या, खुबे वेगळे, शिनाणे वेगळे, कालवं वेगळी. बाजारातली बाई हात लावून, डोळे मिटून सांगेल कोण कुठला. पण एकदा मी म्हापशाच्या बाजारात कालवाच्या शिंपल्याला चिकटलेल्या पांढऱ्या वेटोळ्याकडे बोट दाखवून त्याचं नाव विचारलं, तर ती म्हणाली, "तें कोणूच खायना." तिचं उत्तर मला फार शहाणपणाचं वाटलं. जे ताटात येतं त्याला नाव मिळतं. जे येत नाही त्याला नावाची गरज भासलेली नाही. टाकीवाल्यांचंही तसंच झालं आहे. जे विकत घेतलं त्याला नाव, जे फुकट आलं तो किडा.

नाव नसल्याने नेमकं काय बिघडतं, ते उदाहरणांनी सांगते.

खडकावर दिसणारी दोन पांढरी नळकांडी घ्या. एक असतं स्पायरॉर्बिड नावाच्या छोट्या वलयी प्राण्याचं घर, दोन-तीन मिलिमीटरचं, गोगलगाईच्या शंखासारखं वेटोळं. तो पाण्यातले बारीक कण गाळून खातो, कुणाच्या अध्यात ना मध्यात. दुसरं नळकांडं असतं व्हर्मेटिड गोगलगाईचं. ती शंख खडकाला कायमची चिकटवून टाकते आणि कोळ्याच्या जाळ्यासारखे चिकट धागे पाण्यात सोडून अन्न पकडते. ते धागे शेजारच्या प्रवाळावर पसरतात. फ्रेंच पॉलिनेशियातल्या मोरिया बेटावर संशोधकांनी अभ्यास केला, तेव्हा या गोगलगाईंच्या शेजारी प्रवाळांची वाढ खुंटते आणि त्यांचं जगणंही कठीण होतं असं दिसलं. हे २०१० साली प्रसिद्ध झालं आहे. लांबून पाहिलं तर दोघंही 'पांढरं काहीतरी'. एकाला खरवडून काढणं व्यर्थ, दुसऱ्याला तसंच वाढू देणं महागात पडणारं.

आता खेकडा. टाकीवाल्यांच्या जगात आगंतुक खेकडा म्हणजे गुन्हेगारच. पण ट्रॅपेझिया नावाचे चकचकीत, गुळगुळीत कवचाचे छोटे खेकडे पोसिलोपोरा जातीच्या फांद्याफांद्यांच्या प्रवाळात जन्म काढतात. प्रवाळ खाणारा काटेरी तारामासा त्या प्रवाळावर चढायला लागला की हे चिमुरडे खेकडे त्याच्या पायांना आणि काट्यांना चिमटे काढून त्याला पळवून लावतात. पीटर ग्लिन या शास्त्रज्ञाने पनामाच्या प्रशांत किनाऱ्यावर १९७०च्या दशकात याचा अभ्यास केला. म्हणजे आपण ज्याला चोर समजून काढलं, तो त्या घराचा राखणदार निघाला. उलट केसाळ पायांचे, काळसर नांग्यांचे काही खेकडे खरोखरच गोगलगाई आणि प्रवाळ फस्त करतात. 'खेकडा' एवढ्याच ओळखीवर निकाल दिला तर दोघांनाही एकच शिक्षा होते.

आणि काटेरी केसांचा तो बहुकेशी, ज्याला पाहून सगळ्यात जास्त लोक किंचाळतात. युरिथो नावाचे हे प्राणी बहुतेक टाक्यांत असतात. त्यांचे केस काचेसारखे ठिसूळ. हात लावला तर कातडीत मोडून राहतात आणि चांगलीच आग होते. तेवढी खबरदारी घ्यावीच. पण काम काय करतात? मेलेला मासा, खडकाखाली कुजणारं अन्न, गोगलगाईचं कलेवर खाऊन साफ करतात. सकाळी मेलेल्या माशाभोवती ते जमलेले दिसतात आणि खुनाचा आळ त्यांच्यावर येतो. मयताला जमलेल्यांनाच खुनी ठरवण्यासारखं आहे हे.

आता आमच्या टाकीत गेल्या पावसाळ्यात काय झालं ते सांगते, कारण माझं मत पक्कं झालं ते तिथे.

रात्री टाकीतून 'टक' असा आवाज यायला लागला. काचेवर नखाने टिचकी मारावी तसा. त्याच आठवड्यात दोन गोगलगाईंचे शंख रिकामे सापडले. मामाने एका दुकानदाराला फोन लावला. पलीकडून लगेच निदान आलं: मँटिस श्रिम्प. त्याची भीती अगदीच खोटी नाही. या प्राण्यांतले काही जण गदेसारख्या पायाने शिंपले फोडतात. मोराच्या रंगाच्या एका जातीच्या फटक्याचा वेग सेकंदाला २३ मीटरपर्यंत मोजला गेला आहे. उपायही त्याच फोनवर मिळाला: सगळा खडक बाहेर काढा आणि उकळत्या पाण्यात टाका. मामाने दवाखान्याच्या मागे मोठं भांडंसुद्धा काढलं.

मी म्हटलं, "मामा, दहा दिवस दे मला. मग हवं ते कर."

"दहा दिवसांत तो माझे मासे खाईल, बाय."

"शंख बघ तरी. कुठे फुटलाय का?"

फुटला नव्हता. दोन्ही शंख अगदी धड होते, आतलं मांस तेवढं गेलं होतं. गदा मारणारा असता तर तुकडे पडले असते. म्हणजे आवाज करणारा आणि गोगलगाय खाणारा एकच आहे, हेच मुळी सिद्ध झालं नव्हतं. दुकानदाराने फोनवर ऐकलेल्या दोन गोष्टी एकत्र बांधून आरोपी तयार केला होता.

मामाने कुरकुरत मान डोलावली. मग मी वही काढली. आवाज किती वाजता येतो, टाकीच्या कुठल्या कोपऱ्यातून, दिवे गेल्यावर किती वेळाने. टॉर्चला लाल कागद लावला, कारण बहुतेक कवचधारी जीवांना लाल प्रकाश नीट दिसत नाही आणि ते लपत नाहीत. सहाव्या रात्री उजव्या कोपऱ्यातल्या खडकाच्या बुडाशी दोन लांब मिशा आणि एक नांगी दिसली. एक नांगी दुसरीपेक्षा कितीतरी मोठी. पिस्तूल कोळंबी. ती मोठी नांगी इतक्या झपकन मिटते की पाण्याचा बुडबुडा तयार होऊन फुटतो. 'टक' आवाज नांग्या आपटल्याचा नसून त्या बुडबुड्याच्या फुटण्याचा असतो, हे २००० साली वेगवान चित्रीकरणातून सिद्ध झालं. या कोळंबीच्या काही जाती गोबी माशाबरोबर एकाच बिळात राहतात. कोळंबीची नजर अधू, ती बीळ खणते. मासा दाराशी पहारा देतो. आमच्या माशांना तिच्यापासून काडीचा धोका नव्हता.

राहिला गोगलगाय खाणारा. प्लास्टिकच्या बाटलीचं तोंड कापून उलटं बसवलं, आत कोळंबीचा तुकडा ठेवला आणि बाटली वाळूवर आडवी केली. नवव्या दिवशी सकाळी आत अंगठ्याच्या नखाएवढा केसाळ खेकडा बसला होता, नांग्यांची टोकं काळी. त्याला खालच्या टाकीत हलवला. तिथे पंप आणि गाळण असतं, मासे-गोगलगाई नसतात. त्यानंतर एकही शंख रिकामा झालेला नाही. 'टक' अजून ऐकू येतं, आणि दवाखान्यात येणाऱ्या मुलांना मामा आता मोठ्या ऐटीत सांगतो, "ती आमची पिस्तूलवाली."

खडक उकळला असता तर काय झालं असतं, याचाही विचार करा. खडकातले सगळे जिवाणू मेले असते, पुन्हा टाकीत ठेवल्यावर आत मेलेल्या जिवांचा अमोनिया पाण्यात उतरला असता आणि ज्या माशांना वाचवायचं होतं तेच आधी गेले असते. दुसरा धोका त्याहून मोठा, आणि तो माणसाला. झोअँथिडच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन नावाचं जहर असतं. १९७१ साली हवाईतल्या अशाच एका जिवापासून ते वेगळं करण्यात आलं. निसर्गातल्या अतिशय जहाल विषांत त्याची गणना होते. झोअँथिड चिकटलेला खडक घरात उकळल्यामुळे वाफेतून विषबाधा होऊन माणसं रुग्णालयात दाखल झाल्याच्या घटना परदेशांत घडल्या आहेत. आमच्या त्या खडकांवर झोअँथिड होते, आणि भांडं ठेवलं जाणार होतं दवाखान्याच्या मागच्या बंद पडवीत. खडकावर काय बसलंय ते ओळखल्याशिवाय 'सगळं मारून टाका' म्हणणं किती धोक्याचं आहे, ते यावरून समजावं.

मारण्याची घाई कधी कधी नेमकी शत्रूलाच मदत करते. एप्टेशिया नावाचं पारदर्शक, तपकिरी झाक असलेलं छोटंसं समुद्रफूल असतं. ते शेजारच्यांना डंख मारतं आणि भराभर पसरतं, म्हणून त्याचा बंदोबस्त करावा लागतो हे मला मान्य आहे. पण लोक काय करतात, ब्लेडने कापतात किंवा चिमट्याने ओढतात. त्याच्या पायाचा बारीकसा तुकडा खडकावर राहिला तरी त्यातून नवं फूल उगवतं. एकाचे दहा होतात. ज्याला नाव माहीत आहे त्याला हेही कळतं, की बर्गिया नावाची एक समुद्री गोगलगाय फक्त एप्टेशियाच खाऊन जगते, आणि काही जातींच्या पेपरमिंट कोळंब्याही ते खातात. गंमत म्हणजे टाकीवाल्यांचा हाच वैरी प्रयोगशाळेत लाडका आहे. त्याच्या पेशींत प्रवाळासारखेच सूक्ष्म शैवाल राहतात आणि तो काचेच्या भांड्यातही सहज वाढतो. त्यामुळे समुद्र तापल्यावर प्रवाळ पांढरे का पडतात, हे समजून घ्यायला शास्त्रज्ञ त्याचा उपयोग करतात. त्याचा संपूर्ण जनुकसंच २०१५ साली प्रसिद्ध झाला.

इथे कुणी म्हणेल, "हे सगळं ठीक आहे, पण खरोखरच वाईट जीव आला तर? तू वहीत टिपणं काढत बसशील आणि टाकी रिकामी होईल." आक्षेप रास्त आहे. इंग्लंडमध्ये कॉर्नवॉलच्या न्यूकी गावातल्या मत्स्यालयात अशीच गोष्ट घडली. तिथल्या एका टाकीत प्रवाळ कुरतडलेले सापडत होते, मासे जखमी होत होते, पण करणारा दिसत नव्हता. शेवटी २००९ साली कर्मचाऱ्यांनी सगळा देखावा दगड दगड करून उतरवला, तेव्हा आत सुमारे चार फूट लांबीचा युनिस जातीचा वलयी प्राणी निघाला. बहुधा लहानपणी खडकातून आला आणि आत वाढत गेला. अशा पाहुण्याला ठेवून घ्या असं मी म्हणत नाही.

ओळख पटवा म्हणजे माफ करा, असा माझ्या म्हणण्याचा अर्थ मुळीच नाही. संशयिताला वेगळं ठेवावं. नवा खडक किंवा प्रवाळ आला की थेट मुख्य टाकीत न घालता काही आठवडे वेगळ्या छोट्या टाकीत ठेवावा. बराचसा तंटा तिथेच मिटतो. पण निर्णय कठोर घ्यायचा असला तरी तो माहितीवर घ्यावा. न्यूकीच्या त्या प्राण्याला आणि आमच्या गरीब युरिथोला दोघांनाही 'केसाळ किडा' म्हणता येईल. फरक कळतो तो नीट पाहिल्यावर: जबडा आहे का, डोक्यावर किती मिशा आहेत, केस झुपक्यांत आहेत का.

आणि या पाहण्यातून कधी कधी शास्त्रालाही नवी माहिती मिळते. अ‍ॅक्रोपोरा प्रवाळ खाणारा एक चपटा कृमी टाकीवाल्यांना बरीच वर्षं छळत होता. तो अंगाने प्रवाळाच्याच रंगाचा, त्यामुळे दिसत नाही. दिसतात ते फक्त प्रवाळावरचे फिकट गोल चाव्यांचे ठिपके आणि फांदीच्या बुडाशी घातलेली अंडी. पाळणाऱ्यांनी त्याच्या सवयी टिपल्या होत्या, त्याला कामचलाऊ नाव दिलं होतं, पण शास्त्रीय नाव नव्हतं. ते मिळालं २०११ साली: अमाकुसाप्लाना अ‍ॅक्रोपोरी. तेही टाक्यांतल्या नमुन्यांवरून. निसर्गात तो सापडल्याची पहिली नोंद त्यानंतर, २०१२ साली, ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवरच्या लिझर्ड बेटाजवळून आली. म्हणजे आधी काचेच्या टाकीत ओळख आणि मग समुद्रात भेट. मॉन्टिपोरा प्रवाळ खाणाऱ्या एका पांढऱ्या समुद्री गोगलगाईचं असंच झालं. टाकीवाले तिला कित्येक वर्षं ओळखत होते, नाव मिळालं २०२० साली. 'काहीतरी किडा आहे' म्हणून सगळ्यांनीच बेसिनमध्ये ओतलं असतं, तर हे नमुने अभ्यासकांपर्यंत पोहोचले नसते.

ओळखायचं कसं, यावर लोक उगाच घाबरतात. प्रत्येक वेळी लॅटिन नावापर्यंत जायची गरज नसते. बहुतेक निर्णयांना 'हा कुठल्या घराण्याचा' एवढं पुरतं. मी पाच प्रश्न विचारते. एक, जागा सोडतो की चिकटून असतो? दोन, शरीराला वलयं आहेत का, पाय आहेत का, असल्यास किती? तीन, कवच, शंख, नळी यांपैकी काही आहे का? चार, दिवसा दिसतो की रात्री? पाच, त्याच्या आसपास काय खाल्लं गेलंय आणि कसं? सोबत शेजारी रुपयाचं नाणं काचेला धरून फोटो काढायचा, म्हणजे आकार कळतो. एवढ्यावरही अनेकदा आश्चर्य वाट्याला येतं. आमच्या खडकावर जेलीसारखा एक पारदर्शक ठिपका होता, दोन भोकांचा. मामा म्हणाला स्पंज. नीट पाहिलं तर तो कंचुकयुक्त प्राणी निघाला. त्याच्या अळीच्या शेपटीत आपल्या पाठीच्या कण्याचा पूर्वज असतो, तो पृष्ठरज्जू. म्हणजे त्या टाकीत कोळंबी, खेकडा, गोगलगाय या सगळ्यांपेक्षा तो ठिपका नात्याने आपल्याला जवळचा.

आता दयाळू माणसांविषयी. "मारायचं नाही ना, मग मांडवीत सोडून देऊ," असं म्हणणारे मला भेटले आहेत. कृपा करून असं करू नका. ही दया मारण्यापेक्षा महाग पडते. १९८४ साली मोनॅकोच्या सागरी संग्रहालयाखालच्या समुद्रात कॉलर्पा टॅक्सिफोलिया या शेवाळाचा एक चौरस मीटरचा तुकडा दिसला. मत्स्यालयांत शोभेसाठी वापरलं जाणारं हे शेवाळ पुढे भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यांवर मैलोगणती पसरलं. तेच २००० साली कॅलिफोर्नियाच्या एका खाडीत सापडलं; तिथे लगेच ओळख पटली, लगेच काम सुरू झालं, तरी ते संपलं असं जाहीर करायला २००६ उजाडलं. ओळख लवकर पटण्याचं मोल किती, ते या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की कळतं.

जहाजांच्या तळाला चिकटून हिंडणाऱ्या काळ्या पट्ट्यांच्या शिंपलीचीही अशीच कथा आहे. मूळची मध्य अमेरिकेकडची ही शिंपली मुंबई आणि विशाखापट्टणमच्या बंदरांत कधीच स्थायिक झाली आहे. १९९९ साली ती ऑस्ट्रेलियातल्या डार्विनमध्ये दिसली, तेव्हा ओळख पटताच तीन नौकातळ बंद करण्यात आले, पाण्यात रसायनं घालून ती पुरती नष्ट केली गेली. तिथे मारलं, आणि योग्यच केलं. कारण कोणाला मारतोय आणि का, हे त्यांना ठाऊक होतं.

आणखी एक गोष्ट, आपण किनाऱ्यावर राहतो म्हणून. टाकीसाठी किनाऱ्यावरून प्रवाळाचा तुकडा उचलून आणायचा विचारही मनात आणू नका. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने दगडी प्रवाळ पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या पंगतीत. पाहायचं असेल तर ओहोटीला हणजुण्याच्या किंवा वागातोरच्या खडकांवर जा, वाका, बघा, फोटो काढा आणि रिकाम्या हाताने परत या.

शेवटी आपल्या मंडळाला एक विनंती. आपण दरवर्षी काव्यवाचन करतो, कथालेखन स्पर्धा घेतो. यंदा एक वही सुरू करू या. आपल्यातले किती जण पेडण्यापासून काणकोणपर्यंतच्या किनारी गावांतून येतात. आजीला, शेजारच्या रापणकार काकांना, खाडीत कालवं काढणाऱ्या बायांना विचारा: जाळ्यात येतं आणि परत फेकलं जातं, त्याला तुम्ही काय म्हणता? खडकाला चिकटलेल्या त्या काळ्या गोळ्याला? वाळूतून पिचकारी सोडणाऱ्याला? मिळेल तो शब्द लिहा. मराठी, कोकणी, मालवणी, ज्याचा असेल त्याच्या नावाने. शेजारी फोटो चिकटवा. शास्त्रीय नाव शोधून द्यायची जबाबदारी आम्ही प्राणीशास्त्रवाले घेतो. मामाने टाकीशेजारच्या भिंतीवर अशा नावांचा तक्ता लावायची तयारी दाखवली आहे, आणि पहिल्या ओळीत पिस्तूल कोळंबीसाठी एखादा आपला शब्द हवा आहे. कुणाच्या घरी असेल तर मंडळाच्या खोलीत आणून द्यावा.